स्लायडर काय आहे ते कळलं, पण फंक्शन चालतं कधी?

पायथनमध्येच सगळं लिहायचं, एचटीएमएल नको, जावास्क्रिप्ट नको, चार ओळीत वेब ॲप तयार, असं सांगणाऱ्या लायब्रऱ्या आता भरपूर झाल्यात. २०१७ ला डॅश आलं, २०१९ ला स्ट्रीमलिट आणि ग्रेडिओ, मग नाइसजीयूआय, फ्लेट, रिफ्लेक्स, सोलारा, पायथनवालं शायनी, यादी वाढतेच आहे. आणि प्रत्येकाच्या होमपेजवरचं पहिलं उदाहरण बघितलं की वाटतं, अरे एवढंच? नाव विचारणारा एक बॉक्स, खाली बटण, दाबलं की हॅलो. आणि चालतंही ते खरंच, पाच मिनिटांत चालतं, खोटं नाहीये काही. गंमत सहाव्या मिनिटाला सुरू होते, कारण तेव्हा माणूस दुसरं बटण टाकायला जातो.

मी बऱ्याच दिवसांपासून अशाच एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीच्या डॉक्सवर, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणाऱ्या पानांवर, काम करतेय. नाव मुद्दाम नाही लिहीत, कारण दुखणं त्या एकाच लायब्ररीचं नाहीये, या जातीच्या सगळ्यांचंच कमीजास्त आहे. सुरुवात करताना मी एक केलं, आधी डॉक्स वाचलेच नाहीत, इश्यू वाचले, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी. तेही उघडे नाही, बंद झालेले, आणि त्यातही "हा बग नाही, असंच अपेक्षित आहे" म्हणून बंद केलेले. डॉक्स कुठे फाटलेत ते बघायचं असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही. बग असता तर कोडमध्ये दुरुस्त झाला असता. बग नाही आणि तरी माणूस वेळ काढून, अकाउंट उघडून, स्क्रीनशॉट लावून तक्रार करतोय, म्हणजे त्याला कुणी काहीतरी सांगायचं राहिलंय.

आणि काय असतात हे प्रश्न? "पहिलं बटण दाबलं की दुसरं दिसतं, दुसरं दाबलं की तेच गायब." "एका टॅबमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या माणसाच्या स्क्रीनवर दिसतंय, हे काय." "माझं फंक्शन दोनदा चालतंय." "पेज उघडल्या उघडल्या कॉलबॅक (काही घडलं की आपोआप चालणारं फंक्शन) पळतो, मी तर कशाला हातही लावला नाही." "माझ्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर कधी चालतं कधी नाही." आता यातला एकही प्रश्न "या पॅरामीटरचा अर्थ काय" असा नाहीये बघा. सगळे दोनच गोष्टी विचारतायत. माझा कोड नेमका कधी चालतो, आणि हा जो डेटा आहे तो नेमका कोणाचा आहे, या एका माणसाचा, या एका टॅबचा की सगळ्या जगाचा. आणि आपले डॉक्स काय सांगतात? बटणाचा रंग कसा बदलायचा. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

याला कारण आहे. साध्या लायब्ररीत, म्हणजे समजा तारखा पार्स करणारी किंवा फाइल वाचणारी, तुम्ही फंक्शन बोलावता, ते चालतं, उत्तर देतं, विषय संपला. कधी चालतं हा प्रश्नच येत नाही, तुम्ही बोलावलं तेव्हा. म्हणून तिथे फंक्शनचं नाव, आर्ग्युमेंट्स, काय परत मिळतं, एवढं लिहिलं की पुरतं. इंटरफेसच्या लायब्ररीत उलटा कारभार. फंक्शन तुम्ही लिहिता, बोलावणारं दुसरंच कुणीतरी असतं, कधी यूजरचा माउस, कधी पेज लोड, कधी दुसऱ्याच कुठल्या कंपोनंटची (बटण, स्लायडर असा स्क्रीनवरचा भाग) बदललेली व्हॅल्यू. पण डॉक्सचा साचा मात्र तोच जुना उचललेला. डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे कोडमध्येच फंक्शनखाली लिहिलेल्या वर्णनातून, ऑटोमॅटिक पान तयार करायचं, टेबल छापायचं, नाव, टाइप, डिफॉल्ट, वर्णन, झालं. स्फिंक्स नावाचं टूल २००८ पासून हे करून देतंय आणि छान करून देतंय, त्याच्यावर माझा राग नाही, आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. डॉकस्ट्रिंगमध्येच "कधी" लिहिलेलं नाही तर पानावर कुठून उगवणार.

बटणात बटणवाला प्रश्न जरा नीट बघू कारण तो क्लासिक आहे. स्ट्रीमलिटमध्ये यूजरने काहीही हलवलं की तुमची स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत परत चालते. पूर्ण. आणि बटण फक्त दाबल्यानंतरच्या त्या एका फेरीत ट्रू देतं, पुढच्या फेरीत परत फॉल्स. आता तुम्ही "जर पहिलं बटण दाबलं असेल तर" या इफच्या आत दुसरं बटण ठेवलं. पहिलं दाबलं, फेरी झाली, ट्रू मिळालं, दुसरं दिसलं. दुसरं दाबलं, परत फेरी, आता पहिलं फॉल्स, म्हणजे इफच्या आत जायचंच नाही, म्हणजे दुसरं बटण तयारच होत नाही, म्हणजे त्याच्या आतला कोड चालायचा प्रश्नच मिटला. एकदा ही फेरी डोळ्यासमोर आली की इतकं सरळ आहे ना, पण ती फेरी माहीत नसेल तर माणूस रात्रभर बसतो आणि शेवटी ब्राउझरला शिव्या देतो. स्ट्रीमलिटच्या डॉक्समध्ये आता बटणाच्या वागण्यावर वेगळं पानच आहे, एकामागून एक उदाहरणं देऊन समजावलंय, उपाय म्हणून सेशन स्टेटमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये न पुसल्या जाणाऱ्या त्या यूजरच्या साठ्यात, "दाबलं होतं" हे लक्षात ठेवायला सांगितलंय. चांगलं पान आहे. पण माझं म्हणणं असं की ते पान बटणाच्या रेफरन्समध्ये, म्हणजे पॅरामीटरची यादी देणाऱ्या पानावर, वरच्या तीन ओळीत डोकावलं पाहिजे, कारण अडलेला माणूस "कन्सेप्ट्स" नावाच्या विभागात स्वतःहून कधीच जात नाही. तो सर्चमध्ये "बटण" टाकतो, रेफरन्सच्या पानावर पडतो, उदाहरण कॉपी करतो आणि निघतो. तुम्ही कितीही सुंदर पान लिहा, त्याच्या वाटेवर नसेल तर काखेत कळसा गावाला वळसा.

म्हणून मी आमच्याकडे पहिल्यांदा हात घातला तो स्लायडरच्या पानाला. का स्लायडर, तर तो दिसायला सगळ्यात गरीब आणि वागायला सगळ्यात वाह्यात. आधीचं पान असं होतं: "स्लायडर. यूजरला दिलेल्या मर्यादेतली संख्या निवडू देतो." खाली टेबल, किमान, कमाल, स्टेप, सुरुवातीची व्हॅल्यू, लेबल, डिसेबल्ड आहे का, आणि बदलल्यावर चालायचं फंक्शन. खाली एक उदाहरण, स्लायडर हलवला की आकडा छापतो. यात चूक एकही नाही. आणि उपयोगही जवळपास नाही, कारण किमान म्हणजे किमान आणि कमाल म्हणजे कमाल हे कुणालाही सांगावं लागत नाही.

आता खरे प्रश्न बघा. यूजरने स्लायडर ओढत ओढत शून्यापासून शंभरपर्यंत नेला, तर माझं फंक्शन एकदा चालणार, शंभर वेळा चालणार, की मधेच कितीतरी? बोट उचलल्यावर चालणार की ओढताना? मी कोडमधून स्लायडरची व्हॅल्यू बदलली तर तेव्हा चालणार का? पेज पहिल्यांदा उघडताना चालणार का? फंक्शनला दोन सेकंद लागत असतील आणि तेवढ्यात यूजरने परत हलवला तर आधीचं रद्द होणार, रांगेत बसणार, की दोन्ही एकदम पळणार? या पाच प्रश्नांची उत्तरं प्रत्येक लायब्ररीत वेगळी आहेत आणि म्हणूनच ती लिहिणं भाग आहे. डॅशमध्ये स्लायडरला अपडेटमोड आहे, डिफॉल्ट "माउस सोडल्यावर", हवं तर "ओढताना" करता येतं. आणि डॅशमध्ये ॲप लोड होताना कॉलबॅक एकदा आपोआप चालतात, नको असेल तर ते थांबवायचं आर्ग्युमेंट स्वतः द्यावं लागतं, तो जो वरचा "मी तर हातही लावला नाही" प्रश्न आहे ना तो इथलाच. ग्रेडिओमध्ये स्लायडरला चेंज, इनपुट आणि रिलीज असे वेगवेगळे इव्हेंट आहेत. चेंज म्हणजे व्हॅल्यू बदलली, मग ती यूजरने बदलो की तुमच्याच दुसऱ्या फंक्शनने. इनपुट म्हणजे फक्त यूजरने बदलली तर. रिलीज म्हणजे बोट उचललं तेव्हा.

हा चेंज आणि इनपुटमधला फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण समजा एक स्लायडर सेल्सियसचा आणि एक फॅरनहाइटचा, एक हलवला की दुसरा हलायला हवा. दोघांनाही चेंज लावलं की याने त्याला ढकलायचं, त्याने याला ढकलायचं, आणि दशांशात जरा इकडचं तिकडे झालं की दोघं एकमेकांना ढकलत बसतात. इनपुट लावलं तर प्रश्न मिटतो. ग्रेडिओच्या डॉक्समध्ये चेंजच्या वर्णनातच हा फरक लिहिलाय आणि तिथेच इनपुटकडे बोट दाखवलंय, एका वाक्यात. मला ते वाक्य फार आवडतं. दोन ओळींच्या वर्णनात कधी चालतं, कधी नाही चालत आणि तुला जे हवंय ते बहुतेक तिकडे आहे, तिन्ही सांगून मोकळे. ही माझ्यासाठी नमुन्याची डॉकस्ट्रिंग.

तर आमच्या स्लायडरच्या पानावर आता टेबलाच्या वर एक छोटा परिच्छेद आहे. साधारण असा: "ओढताना व्हॅल्यू स्क्रीनवर लगेच बदलते, पण तुमचं फंक्शन बोट उचलल्यावरच चालतं. कोडमधून व्हॅल्यू बदलली तरी चालतं. पेज लोडला चालत नाही. आधीचं फंक्शन चालू असताना परत बदल झाला तर नवीन रांगेत बसतं, जुनं रद्द होत नाही." आणि खाली उदाहरण बदललं, आकडा छापण्याऐवजी फंक्शन किती वेळा चाललं ते मोजून दाखवतं. लोक स्वतः ओढून बघतात आणि काउंटर एकानेच वाढतो हे डोळ्यांनी दिसतं, की विषय कळला. या चार वाक्यांसाठी मला कोड वाचावा लागला, कारण मेंटेनरला, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याला, विचारलं तर त्याचं उत्तर "बहुतेक चालतं, बघायला लागेल". म्हणजे लिहिणाऱ्यालाच खात्री नाही, आणि वापरणाऱ्याने अंदाजाने ओळखायचं! डॉक्स लिहिता लिहिता हे फार होतं. रांगेचा तो भाग तर आधी ठरवलेलाच नव्हता, जसं झालं तसं झालं होतं, लिहायला घेतल्यावर चर्चा झाली आणि मग ठरलं.

दुसरा भाग "कोणाचं". हा जास्त धोक्याचा आहे, कारण इथे चूक झाली तर ॲप बिघडत नाही, ॲप छान चालतं, फक्त एकाचं दुसऱ्याला दिसतं. एकट्याने टेस्ट करताना हे कधीच कळत नाही कारण तुम्ही एकटेच असता. पायथन शिकताना आपण सगळे फाइलच्या वरच्या भागात एक रिकामी लिस्ट करतो आणि फंक्शनमधून तिच्यात भरतो. स्क्रिप्टमध्ये ठीक आहे. ग्रेडिओमध्ये तसं केलं तर ती लिस्ट ॲप उघडणाऱ्या सगळ्यांची सामाईक, प्रत्येकाची वेगळी हवी तर ग्रेडिओचं स्टेट वापरायचं. डॅशमध्ये कॉलबॅकमधून ग्लोबल व्हेरिएबल बदलू नका असं स्पष्ट बजावलंय, कारण सर्व्हरवर तीनचार वर्कर प्रोसेस, म्हणजे त्याच ॲपच्या वेगळ्या चालणाऱ्या प्रती, चालवल्या की प्रत्येकीकडे त्या व्हेरिएबलची वेगळी कॉपी, तुमची रिक्वेस्ट कुठल्या वर्करकडे जाईल त्यावर उत्तर अवलंबून. "लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर कधी चालतं कधी नाही" हे त्याचंच रूप. स्ट्रीमलिटमध्ये गंमत वेगळी, तिथे स्क्रिप्टमधले व्हेरिएबल दर फेरीला नव्याने तयार होतात म्हणून लोकांना वाटतं आपण सुरक्षित, पण कॅश रिसोर्स (एकदा बनवलेलं परत वापरायला जपून ठेवायची सोय) वापरून ठेवलेली वस्तू सगळ्या सेशन्सना तीच्या तीच मिळते, कुणी एकाने तिच्यात बदल केला की सगळ्यांकडे बदलली, कॅश डेटा मात्र प्रत्येकाला कॉपी देतं. नाइसजीयूआयच्या आधीच्या व्हर्जन्समध्ये पेज फंक्शनच्या बाहेर बनवलेले कंपोनंट सगळ्या ब्राउझर्सना एकच मिळायचे, म्हणजे मी चेकबॉक्स टिक केला की तुमच्याकडेही टिक.

यातलं काहीही चुकीचं डिझाइन नाहीये हां, प्रत्येकामागे विचार आहे, डेटाबेस कनेक्शन सगळ्यांना एकच असावं हे बरोबरच आहे. पण वाचणाऱ्याला ते कळायला हवं आणि तेही पहिल्या उदाहरणाच्या जवळ. आम्ही आता एक नियम केलाय: ज्या उदाहरणात काहीही "लक्षात राहतं", काउंटर असो, लिस्ट असो, लॉगिन असो, त्याच्या खाली एक ओळ आलीच पाहिजे, दोन टॅब उघडल्या तर काय दिसेल. बस. ती एक ओळ लिहायला घेतली की निम्मी उदाहरणं स्वतःच बदलावी लागली.

आता उदाहरणांवर येते कारण लोक वाचतात ते फक्त उदाहरण, बाकी सगळं आपण आपल्या समाधानासाठी लिहितो. (हे जरा कडू आहे पण खरंय.) उदाहरणाला एकच अट: कॉपी करून, नवीन फाइलमध्ये पेस्ट करून, चालवलं तर चाललं पाहिजे. इम्पोर्टसकट. "बाकी कोड वरच्यासारखाच" हे वाक्य डॉक्समध्ये दिसलं की मला त्रास होतो. वरच्यासारखाच म्हणजे कुठला वर, माणूस सर्चमधून थेट खाली उतरलाय, त्याने तुमचं वर पाहिलंच नाहीये. आणि उदाहरणातला डेटाही फाइलवर अवलंबून नको, "डेटा डॉट सीएसव्ही वाचा" म्हटलं की झालं, ती फाइल कुणाकडे आहे? तिथेच पाच ओळींची डिक्शनरी लिहा.

पण आज चालणारं उदाहरण सहा महिन्यांनी चालेलच असं नाही, आणि इथे शिस्तीपेक्षा मशीनवर भरवसा ठेवावा. पायथनमध्ये डॉक्टेस्ट २००१ पासून आहे, डॉकस्ट्रिंगमधलं उदाहरण चालवून उत्तर जुळतं का ते बघणारं. कल्पना काळाच्या पुढची होती, पण इंटरफेसच्या लायब्ररीत ती थेट चालत नाही, कारण आमच्या उदाहरणाचं "उत्तर" म्हणजे स्क्रीनवरचं बटण. मग उपाय दुसरा. फास्टएपीआय या वेब लायब्ररीचं बघा, त्यांच्या ट्युटोरियलमधला कोड मार्कडाउनमध्ये, म्हणजे डॉक्सच्या मजकुराच्या फाइलमध्ये, टाइप केलेलाच नाहीये, वेगळ्या फोल्डरमध्ये खऱ्या पायथन फाइल्स आहेत, डॉक्सच्या पानात त्या ओढून आणल्या जातात आणि त्याच फाइल्सवर टेस्ट लिहिलेल्या आहेत. म्हणजे पानावर दिसणारा कोड आणि टेस्ट झालेला कोड एकच. आम्ही हेच उचललं. स्ट्रीमलिटने २०२३ मध्ये ॲपटेस्ट आणलं, ब्राउझर न उघडता ॲप चालवतं, बटण दाबल्यासारखं करता येतं, एक्सेप्शन आली का ते विचारता येतं, तर अशी सोय ज्या लायब्ररीत आहे तिथे तर उदाहरणं टेस्ट न करायला काही कारणच उरत नाही. किमान एवढी टेस्ट हवी की प्रत्येक उदाहरण सुरू होतं आणि काहीही न दाबता फुटत नाही. ही इतकी बावळट टेस्ट लावल्यावर आमच्याकडे लाल दिव्यांची रांग लागली, त्यातली बरीचशी उदाहरणं पॅरामीटरचं नाव बदलल्यापासून मेलेली होती आणि कुणी सांगितलंही नव्हतं. लोक सांगत नाहीत हो. लोक उदाहरण चाललं नाही की टॅब बंद करतात आणि दुसरी लायब्ररी बघतात.

डॉक्समध्येच उदाहरण जिवंत चालवून दाखवणं हा या जातीच्या लायब्ररीचा हक्काचा फायदा आहे आणि तो घ्यावा. डॅशचे डॉक्स डॅशमध्येच लिहिलेत, नाइसजीयूआयची साइट नाइसजीयूआयवरच चालते, कोड आणि त्याचा रिझल्ट शेजारी शेजारी. शायनीकडे शायनीलाइव्ह आहे, ते पायोडाइडवर, म्हणजे पायथन ब्राउझरमध्येच चालतं, सर्व्हर लागत नाही, वाचणारा तिथेच कोड बदलून बघू शकतो. स्क्रीनशॉट लावणं म्हणजे आज ना उद्या खोटं बोलणं. तरीही मी स्क्रीनशॉट पूर्ण काढले नाहीत, लेआउटच्या पानावर ठेवलेत, कारण मोबाइलवर आणि मोठ्या स्क्रीनवर एकच गोष्ट कशी दिसते ते शेजारी शेजारी दाखवायला चित्रच बरं पडतं.

जुन्या व्हर्जनचा घोळ हा वेगळाच ताप. स्ट्रीमलिटचं कॅशिंग घ्या, आधी एकच कॅश होतं, मग प्रायोगिक म्हणून मेमो आणि सिंगलटन आले, मग २०२३ मध्ये कॅश डेटा आणि कॅश रिसोर्स. प्रत्येक पाऊल सुधारणाच होती. पण इंटरनेटवर तिन्ही पिढ्यांची उत्तरं तशीच पडून आहेत आणि आता एआय असिस्टंट त्या तिन्हींची खिचडी करून आत्मविश्वासाने वाढतात. यावर डॉक्सवाल्याच्या हातात काय आहे? एक, जुनं पान उडवायचं नाही. उडवलं की सर्चमधून येणारा माणूस चारशेचारवर, म्हणजे "पान सापडलं नाही" या एररवर, आपटतो आणि परत त्याच जुन्या उत्तराकडे जातो. पान ठेवायचं, आणि पहिल्याच ओळीत लिहायचं की हे गेलं, त्याच्या जागी हे आलं, आणि खाली आधीचा कोड आणि आताचा कोड एकाखाली एक. फक्त "डेप्रिकेटेड", म्हणजे आता वापरू नका, असा पिवळा पट्टा लावून सोडायचं नाही, तो पट्टा वाचून माणूस फक्त घाबरतो, करायचं काय ते कळत नाही. दोन, २०२४ मध्ये एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची एक सूचना पुढे आली, साइटच्या मुळाशी एक साधी मार्कडाउन फाइल ठेवायची, त्यात मॉडेल्सना वाचायला सोपे असे दुवे आणि थोडक्यात माहिती. आम्हीही ठेवलीये. फरक पडतो का ते मला छातीठोक सांगता येणार नाही, पण ती लिहिताना "या लायब्ररीबद्दल दहा ओळीत काय माहीत हवं" हे ठरवावं लागलं आणि त्याच दहा ओळी मग माणसांच्या पहिल्या पानावर गेल्या, तेवढा फायदा रोख.

एरर मेसेज हे पण डॉक्सच आहेत हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान ते, आणि नेमकं माणूस अडलेला असताना समोर येणारं. लूपमध्ये दहा बटणं केली, सगळ्यांचं लेबल "डिलीट", तर स्ट्रीमलिट नुसतं "डुप्लिकेट आयडी" म्हणून थांबत नाही, प्रत्येकाला वेगळी "की" (ओळखीचं नाव) द्या असंही तिथेच सांगतं. काय झालं आणि काय करू, दोन्ही. आमच्याकडे याच जागी पूर्वी पायथनची नुसती कीएरर यायची, लायब्ररीच्या पोटातली, यूजरच्या कोडची एक ओळ नाही त्यात. तो मेसेज बदलायची पुल रिक्वेस्ट (हा बदल मर्ज करा, म्हणजे मूळ कोडमध्ये सामावून घ्या, अशी विनंती) डॉक्समध्ये मोजायची की कोडमध्ये यावर थोडी चर्चा झाली, मी म्हटलं कशातही मोजा पण मर्ज करा.

रचनेबद्दल म्हणाल तर डॅनिएले प्रोचिडा यांची डायटॅक्सिस पद्धत बऱ्याच प्रोजेक्ट्सनी घेतलीये, ट्युटोरियल, हाऊ-टू, रेफरन्स आणि एक्स्प्लनेशन हे चार वेगळे ठेवायचे, पॅनेल या अशाच लायब्ररीचे डॉक्स साधारण तसेच मांडलेत. मला पद्धत पटते, विशेषतः ट्युटोरियलमध्ये मधेच लेक्चर द्यायचं नाही हा भाग. पण लोक चार फोल्डर बनवतात, जुनी पानं त्यात वाटून टाकतात आणि म्हणतात झालं काम. आणि मग "कोड कधी चालतो" हे सगळं एक्स्प्लनेशनच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं, जिथे कुणी फिरकत नाही. रेफरन्समध्ये समजावून सांगायचं नाही हे मान्य, पण "बोट उचलल्यावर चालतं" हे समजावणं नाहीये, ही वस्तुस्थिती आहे, जशी कमाल व्हॅल्यू शंभर ही वस्तुस्थिती आहे. तिची जागा रेफरन्समध्येच.

आणि शीर्षकं. "स्टेट मॅनेजमेंट" हे शीर्षक ज्याला स्टेट म्हणजे काय ते माहीत आहे त्याच्यासाठी. अडलेला माणूस "व्हॅल्यू रिफ्रेश केल्यावर जाते" असं शोधतो. आम्ही इश्यूंची शीर्षकंच उचलून हाऊ-टू पानांना दिली, लोकांच्या शब्दात, अगदी वेडंवाकडं असलं तरी. दिसायला गबाळं दिसतं, मेंटेनरने नाक मुरडलं, पण सर्चमध्ये सापडतं.

गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्सवाल्यांचा सर्व्हे केला होता, त्यात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट डॉक्युमेंटेशनचा अनुभव सांगितला, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले आम्ही डॉक्सला क्वचितच किंवा कधीच हात लावत नाही. मला यात आळस दिसत नाही. डॉक्सची पुल रिक्वेस्ट पाठवलेल्यांना विचारा, टायपो दुरुस्त केला तर लगेच मर्ज, पण परिच्छेद नव्याने लिहिला की तीन महिने पडून. कारण मेंटेनरला कोडचा डिफ (जुन्या-नव्यातला फरक) वाचायची सवय आहे, गद्याचा डिफ वाचायची नाही, आणि त्याला स्वतःला सगळं माहीत असल्यामुळे जुना परिच्छेद कळत नाही हे त्याला कळतच नाही. यावर मला एक उपाय सापडलाय, पुल रिक्वेस्टच्या वर्णनात मी सुधारणा कशी छान आहे ते लिहीत नाही, त्या पानामुळे उघडलेल्या इश्यूंचे दुवे लावते, एकाखाली एक. पाचसहा दुवे दिसले की मर्ज व्हायला वेळ लागत नाही, कारण ते इश्यू बंद करायला त्यालाच उत्तरं टाइप करावी लागली होती.

सध्या माझ्यासमोर पडलंय ते वेळखाऊ फंक्शनचं पान. बटण दाबलं, आत तीस सेकंदांचं काम आहे, तर तेवढा वेळ बाकीच्यांचं काय होतं? लायब्ररी असिंक असेल, म्हणजे एकच इव्हेंट लूप सगळ्यांची कामं आळीपाळीने उरकत असेल, आणि तुम्ही आत साधं टाइम डॉट स्लीप टाकलं तर इव्हेंट लूपच अडतो, म्हणजे एकाने बटण दाबलं आणि सगळ्यांची स्क्रीन गोठली. ग्रेडिओत डिफॉल्टने एका इव्हेंटचं एका वेळी एकच काम चालतं, बाकीचे रांगेत, आणि ती मर्यादा वाढवता येते. नाइसजीयूआयमध्ये असं काम वेगळ्या थ्रेडला किंवा प्रोसेसला द्यायची फंक्शन्स आहेत. आमच्याकडे सोय आहे पण ती कधी वापरायची हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि थ्रेडमधून स्क्रीनवरची व्हॅल्यू थेट बदलली तर चालतं का, याला मेंटेनरचं उत्तर परत तेच, "बहुतेक चालतं, बघायला लागेल". तर बघतेय. तुम्ही अशी कुठलीही लायब्ररी वापरत असाल आणि तीस सेकंदवाल्या कामात कुठे अडला असाल तर तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दात कमेंटमध्ये टाका, शीर्षकाला लागणार आहे.